अकारविल्हे आणि ‘ळ’ची जागा

वर्णानुक्रमासाठी मराठीत एक जुना शब्द आहे : अकारविल्हे. ‘विल्हे’ म्हणजे व्यवस्था, लावणी. ‘विल्हेवाट’ या शब्दात तो अजून तग धरून आहे, मात्र तेथे त्याचा अर्थ लावणीकडून निकालाकडे सरकला आहे. अकारापासून केलेली लावणी ती अकारविल्हे. हा क्रम निसर्गाने दिलेला नसून कोणीतरी ‘लावलेला’ असतो, हे या शब्दात सहज सुचवले गेले आहे, आणि म्हणूनच तो आम्हांस ‘वर्णानुक्रम’ या भारदस्त शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या कोणत्याही प्रणालीत ‘सॉर्ट’ अशी एक आज्ञा असते. शब्दांची यादी निवडावी, आज्ञा द्यावी, क्षणार्धात यादी लागते. ग्रंथाची सूची, संदर्भयादी, परिभाषाकोश, विद्यार्थ्यांची नावे अशा सर्व गोष्टी आज याच मार्गाने लागतात. परंतु ‘लागते’ म्हणजे कोणत्या क्रमाने लागते, आणि तो क्रम कोणी ठरवला, हे प्रश्न आपण मराठीची माणसे फारसे विचारत नाही. कोशकारांनी दोनशे वर्षे मनोमन सोडवलेले प्रश्न यंत्राने आता उघड्यावर आणले आहेत. त्यांतला सर्वांत बोलका प्रश्न ‘ळ’चा आहे.

त्याआधी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. वर्णमाला म्हणजे एकच अढळ क्रम अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आपल्या परंपरेत हेतूनुसार क्रम बदलत आलेला आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशा उच्चारस्थानांनी लावलेली आपली वर्णमाला ध्वनिविचाराची सुंदर मांडणी आहे खरी, पण पाणिनीने व्याकरणासाठी जी चौदा सूत्रे गृहीत धरली त्यांतला वर्णांचा क्रम अगदी निराळा आहे. तेथे ‘ह’ दोनदा येतो, कारण प्रत्याहार सिद्ध करण्यासाठी तो दोन ठिकाणी हवा असतो. वर्ण तेच, काम वेगळे, म्हणून क्रम वेगळा.

कोशांचेही तेच. अमरकोश वर्णानुक्रमाने लावलेला नाही; तो स्वर्गवर्ग, भूमिवर्ग अशा विषयवार वर्गांत आहे आणि पाठांतरासाठी पद्यात आहे. शिवकालातील ‘राज्यव्यवहारकोशा’नेही हीच वर्गवार पद्धत स्वीकारली. मेदिनीकोशासारख्या काही संस्कृत अनेकार्थकोशांत वर्णांचा क्रम आहे, पण तो शब्दाच्या शेवटच्या व्यंजनावरून : प्रथम ककारान्त, मग खकारान्त, असा. शब्द शेवटाकडून लावावा ही कल्पना आज आपल्याला विचित्र वाटते. पण यमक शोधणाऱ्याला यापरती सोय नव्हे.

शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत पाळलेला काटेकोर वर्णानुक्रम मराठीत रुजला तो छापील कोशांबरोबर. विल्यम कॅरीचा कोश १८१० साली श्रीरामपूरला छापला गेला, त्यात मराठी शब्द मोडी लिपीत होते. १८२९ साली शास्त्रीमंडळाचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश, थॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंच्या साहाय्याने. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. पुढे विसाव्या शतकात दाते–कर्वे मंडळींचा सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. कोश एकेका खंडाने निघू लागला की क्रमाचा प्रश्न पैशाचा आणि प्रतिष्ठेचा होतो. पहिला खंड छापून झाला की त्यातले एकही अक्षर पुढच्या खंडात हलवता येत नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड होते. अकारविल्हे नोंदी त्यानंतर सुरू झाल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर मागे वळण्याची सोय नव्हती.

आता ‘ळ’. अभिजात संस्कृताच्या वर्णमालेत याला स्थान नाही, वैदिक पाठात तो आढळतो. मराठीत मात्र त्याच्यावाचून चालत नाही. काल–काळ, वेल–वेळ, गाल–गाळ, मूल–मूळ या जोड्या पाहिल्या की ‘ळ’ हा ‘ल’चा उच्चारभेद नसून अर्थ बदलणारा स्वतंत्र वर्ण आहे, याविषयी शंका उरत नाही. संस्कृताची वर्णमाला पूर्ण झाल्यावर आलेल्या या वर्णाला मराठीने रांगेत शेवटी उभे केले : य, र, ल, व, श, ष, स, ह आणि मग ळ. गुजरातीने आणि कन्नडनेही हेच केले. उच्चारस्थानाचा विचार केला असता तर त्याला ‘ल’च्या शेजारी बसवता आले असते. पण रांगेत उशिरा आलेल्याने मागे उभे राहावे हा व्यवहाराचा न्याय येथे लागू झालेला दिसतो.

गंमत अशी की ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. त्यामुळे कोशात ‘ळ’चे स्वतंत्र प्रकरण नसते, आणि क्रमात तो कोठे आहे हे वरवर चाळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्याची जागा जाणवते ती शब्दाच्या पोटात. काम, कारण, काल, कावळा, काशी, कासव, काहूर, काळ. मराठी कोश हाताळलेल्या माणसाची बोटे ‘काळ’ शोधताना ‘काहूर’ ओलांडून पुढे जातात. हीच यादी पुष्कळ संगणकप्रणाली अशी लावतात : काम, कारण, काल, काळ, कावळा, काशी, कासव, काहूर. चारशे शब्दांच्या सूचीत हा फरक शब्द सापडणे आणि न सापडणे यांच्यातला फरक असतो.

हा दुसरा क्रम आला कोठून? त्यासाठी संगणकावरच्या देवनागरीचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो फार दूरचा नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ आपल्याकडे मराठी अक्षरजुळणी झाली ती कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटांत. त्या फाँटांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. पडद्यावर ‘किरण’ दिसते, पण आत पहिली नोंद ऱ्हस्व वेलांटीच्या तुकड्याची असते, कारण ती ‘क’च्या डावीकडे काढायची असते. अशा मजकुराला ‘सॉर्ट’ सांगितले की किरण, गिरण, चिमणी, दिवा असे सगळे ऱ्हस्व वेलांटीचे शब्द एकाच गोठ्यात बांधले जात. त्या काळातल्या सूच्या हातानेच, कार्डांवर लिहून लावल्या जात, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. पुष्कळदा त्या अधिक बिनचूकही असत.

याला समांतर दुसरा प्रवाह होता तो तुकड्यांऐवजी अक्षरांना संकेतांक देण्याचा. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलेले काम यातले महत्त्वाचे. त्यातूनच भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा समान संकेत घडला. १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच तक्ता पुरावा, देवनागरी ‘क’च्या जागी तेलुगू ‘क’ आणि बंगाली ‘क’ बसावा, ही त्यामागची कल्पना. कल्पना थोर होती, पण समान तक्त्यात प्रत्येक भाषेच्या अंकलिपीतला क्रम पाळणे अशक्य होते. तेथे ‘ल’च्या पुढे ‘ळ’, त्यापुढे दक्षिणेतल्या भाषांसाठी लागणारा ‘ऴ’, आणि मग ‘व’ असे अक्षरांचे कुटुंब एकत्र बसवले गेले. १९९१ सालीच निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने ‘इस्की’च्या १९८८च्या रूपावरून हीच मांडणी उचलली. तेव्हापासून ‘ळ’ हा संकेतांकाने ‘ल’चा शेजारी आहे.

येथे मराठी वाचकांचा सहसा एक गैरसमज होतो. युनिकोडने ‘ळ’ला चुकीच्या जागी बसवले, अशी तक्रार केली जाते. पण संकेतांक म्हणजे क्रम नव्हे, असे युनिकोडचे शास्त्रच सांगते. घरांचे क्रमांक आणि पंगतीतली पाने यांचा संबंध नसावा, तसे हे आहे. क्रम लावण्यासाठी वेगळा नियमसंच असतो. त्यात प्रत्येक वर्णाला वजन दिलेले असते आणि तुलना पायऱ्यांनी होते : आधी मूळ अक्षरांत फरक आहे का, नसल्यास चिन्हांत आहे का, आणि शेवटी बारीकसारीक भेद. या सर्वसाधारण नियमसंचावर प्रत्येक भाषेने आपापली दुरुस्ती चढवायची असते, शिंप्याने तयार कपडा अंगावर बेतून द्यावा तशी. २००४पासून युनिकोड संस्थेकडे असलेल्या स्थानिक भाषामाहितीच्या कोठारात, म्हणजे सीएलडीआरमध्ये, मराठीसाठी अशी दुरुस्ती आहे. तिचा गाभा एका ओळीत मावतो : ‘ह’नंतर ‘ळ’, ‘ळ’नंतर ‘क्ष’, ‘क्ष’नंतर ‘ज्ञ’. अंकलिपीचा क्रम तो हाच.

म्हणजे आपली वर्णमाला यंत्राला ठाऊक आहे. मग यादी चुकते का? कारण यंत्राला मजकूर मराठी आहे हे सांगितलेले नसते. देवनागरी लिपी म्हणजे हिंदी भाषा असे गृहीत धरले गेले, किंवा भाषेचा रकाना इंग्रजीवरच राहिला, की मराठीची दुरुस्ती बाजूला पडते आणि सर्वसाधारण नियम लागू होतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘सॉर्ट’च्या चौकटीत पर्यायांचे बटण आहे, त्यात क्रमाची भाषा निवडता येते. लिबरऑफिसमध्येही क्रम लावताना आणि ग्रंथसूची तयार करताना भाषेचा रकाना असतो. काही प्रणाली आणि संकेतस्थळे भाषेचा विचारच न करता निव्वळ संकेतांकांवरून क्रम लावतात. तेथे आणखी एक मौज पाहायला मिळते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि तोवर जवळच्या जागा भरल्या असल्यामुळे त्याला ‘ह’च्या आणि देवनागरी अंकांच्याही पलीकडचा संकेतांक मिळाला. त्यामुळे निव्वळ संकेतांकांवर लावलेल्या यादीत ‘ॲरिस्टॉटल’ सर्वांच्या शेवटी, ‘होनाजी’च्याही मागे जाऊन बसतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालाविषयक निर्णयात ‘ॲ’ला ‘ए’नंतर स्थान दिले होते आणि एकूण बावन्न वर्णांत ‘ळ’ चौतीस व्यंजनांच्या अखेरीस होता. शासनाचा निर्णय आणि यंत्राचा तक्ता यांची गाठ पडली नाही, तर सूची कोणाचे ऐकणार हे उघड आहे.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तेथे मराठी परंपराच दुभंगलेली आहे. अंकलिपी त्यांना शेवटी स्वतंत्र अक्षरे म्हणून शिकवते. पण ती जोडाक्षरे आहेत, क् आणि ष, ज् आणि ञ, हेही आपणच शिकवतो. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात ‘क्षमा’ ही ‘क’च्या अखेरीस, ‘ख’ सुरू होण्यापूर्वी आहे, आणि तर्कदृष्ट्या ते बरोबर आहे. मात्र तर्काला धरून ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘ज’मध्ये ठेवले की शाळेत अंकलिपी शिकलेला वाचक ते ‘ह’च्या पुढे शोधत राहतो. सीएलडीआरने अंकलिपीची बाजू घेतली. ज्या अभ्यासकाला संस्कृत कोशांची पद्धत हवी असेल त्याला वर्ड ती देणार नाही. मराठीसाठी तेथे एकच क्रम आहे, आणि अक्षरांचा क्रम स्वतः लिहून देण्याची सोय त्यात नाही.

या बाबतीत स्पॅनिशचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. स्पॅनिशमध्ये ‘सीएच’ आणि ‘डबल एल’ ही जोडअक्षरे १८०३पासून अकादमीच्या कोशात स्वतंत्र वर्ण म्हणून लावली जात. ‘चॉकलेट’साठीचा शब्द ‘सी’च्या सगळ्या शब्दांनंतर येई. १९९४ साली स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी ठरवून ही पद्धत सोडली आणि ती अक्षरे ‘सी’च्या व ‘एल’च्या पोटात टाकली. आपल्या ‘क्ष’च्या वादाशी याचे नाते स्पष्ट आहे. परंतु तेथे निर्णय झाला, तो जाहीर झाला, आणि विंडोजने व वर्डने स्पॅनिशसाठी ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ असे दोन्ही क्रम उपलब्ध ठेवले. जुनी सूची पुन्हा छापायची तर जुना क्रम, नवी करायची तर नवा. मराठीसाठी असे दोन पर्याय मागितले जाऊ शकतात हेच आपल्याला सुचलेले नाही. वर्णमालेचा प्रश्न आला की आपण ‘श’च्या गाठीवर आणि ‘ल’च्या पाकळीवर बोलतो, सूचीतल्या त्यांच्या जागेवर बोलत नाही.

आणि येथे आम्हांला थोडे विरुद्ध बाजूनेही बोलायचे आहे. ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवणारा क्रम मराठीशी नेहमीच द्रोह करतो असे नाही. कमल–कमळ, सकल–सकळ, चंचल–चंचळ, फल–फळ : संतवाङ्मयात ही जुळी रूपे सतत भेटतात, कधी एकाच कवीकडे, कधी एकाच रचनेच्या दोन पाठांत. ज्ञानेश्वरीची किंवा एखाद्या गाथेची शब्दसूची करणाऱ्याला ‘सकल’ आणि ‘सकळ’ एकाखाली एक दिसणे मोलाचे असते. परंपरागत क्रमात त्यांच्यामध्ये ‘सकवार’, ‘सकस’ असे परके पाहुणे येऊन बसतात. उलट सगळे ‘ळ’ काही ‘ल’पासून आलेले नाहीत. ‘षोडश’पासून ‘सोळा’ आणि ‘गुड’पासून ‘गूळ’ झाला, तेथे ‘ळ’चे मूळ ‘ड’मध्ये आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या आधारे ‘ळ’ला ‘ल’च्या घरी कायमचे नांदवता येत नाही. सर्वसामान्य कोशासाठी अंकलिपीचा क्रम, आणि पाठभेदांच्या अभ्यासासाठी केलेल्या सूचीत संपादकाने जाहीर करून स्वीकारलेला दुसरा क्रम, असे दोन्ही आम्हांस मान्य आहेत. मान्य नाही तो यंत्राने गुपचूप ठरवलेला आणि संपादकाने न पाहिलेला क्रम. अलीकडच्या कित्येक संपादित ग्रंथांच्या सूच्यांत ‘ळ’ ‘ल’नंतर येतो आणि प्रस्तावनेत त्याचा शब्दही नसतो.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत अनुस्वार हा ‘ळ’हून मोठा घोळ करतो. १९६२च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीने न येणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘करूं’ असे लेखन आहे. अनुस्वाराला क्रमात स्वतंत्र अक्षराचे वजन दिले, आणि ते सर्व व्यंजनांच्या आधीचे दिले, की ‘कांहीं’ हा शब्द ‘काक’च्याही आधी जातो, तर ‘काही’ हा ‘कासव’ ओलांडल्यावर येतो. एकाच लेखकाच्या १९६२पूर्वीच्या आणि नंतरच्या लेखनाची एकत्र सूची केली तर एकच शब्द ‘का’च्या दोन टोकांना सापडतो. तत्सम शब्दांत अडचण निराळी. ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ ही एकाच शब्दाची दोन लेखने. संस्कृत कोशकार अशा अनुस्वाराला त्या त्या वर्गाचे अनुनासिक मानून दोन्ही एका जागी आणतात. यंत्र त्यांना दूर फेकते. ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’ही दोन प्रकारे टंकता येतो, पडद्यावर सारखाच दिसतो, आणि आत दोन वेगळ्या संकेतमाला असतात.

यावर उपाय जुनाच आहे, आणि तो कोणत्याही प्रणालीत चालतो. शब्दांचा दोन रकान्यांचा तक्ता करावा. डाव्या रकान्यात छापायचे रूप, उजव्या रकान्यात फक्त क्रमासाठीचे रूप. उजवीकडे ‘कांहीं’च्या जागी ‘काही’ लिहावे, ‘पण्डित’च्या जागी ‘पंडित’. भाषा निवडण्याची सोय नसेल तर ‘ळ’च्या जागी ‘ह्ह’ असे मराठीत न येणारे जोडाक्षर घालावे. हलन्ताचे चिन्ह सर्व काना-मात्रांनंतर येत असल्यामुळे ‘काह्ह’ आपोआप ‘काहूर’च्या पुढे जाऊन बसतो. ‘सकळ’ला ‘सकल’शेजारी आणायचे असेल तर उजव्या रकान्यात दोन्हीकडे ‘सकल’ लिहावे. मग उजव्या रकान्यावरून तक्ता लावावा आणि तो रकाना पुसून टाकावा. ज्यांना टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीची सवय आहे त्यांच्यासाठी ‘झिंडी’ नावाचे सूचीसाधन आहे, त्यात अक्षरांचा क्रम आणि समान मानायची रूपे स्वतः लिहून देता येतात. शिकायला वेळ लागतो, पण एकदा लिहिलेली नियमांची फाइल पुढच्या ग्रंथाला जशीच्या तशी वापरता येते.

सूचीच्या माथ्यावर मग चार ओळी पुरतात : ‘ळ’ कोठे ठेवला, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कोठे, जुने अनुस्वार क्रमात धरले की नाही, आणि ‘ॲ’ व ‘ऑ’ कोणत्या स्वरांनंतर आहेत.